पापणीचं माहेर

चिखलीचे उत्तमराव मंगळवारी येणार होते आणि येण्याचं कारण त्यांनी चिठ्ठीत लिहिलं नव्हतं. सोयरीक ठरलेल्या घरचा माणूस कारण न लिहिता येतो, तेव्हा ते कारण साऱ्या गावाला ठाऊक असतं. पांगरखेडात तर ते गुराख्यालासुद्धा ठाऊक होतं. कारण होतं महादेवराव पाटलांच्या पुष्पाची पापणी. एक नव्हे, दोन्ही.

मुळात ही आग लावली महादेवरावांच्या थोरल्या भावाने, पाटीलकी सांभाळणाऱ्या हिंमतरावांनी, आणि तीही मानाच्या हौसेपायी.

ते शिरगणतीचं वर्ष होतं. माणसं मोजून झाल्यावर सरकारला आणखी खुमखुमी आली असावी. कारण होळीनंतर एक चष्मेवाला बाबू लोखंडी चिमटा, फीत आणि एक जाडजूड वही घेऊन गावात आला. लोकांची डोकी केवढी, नाकं केवढी, डोळे कसे, हे त्याला लिहून न्यायचं होतं. चावडीपुढे त्याने चिमटा उघडला, तशी लोकांनी पोरं आत ओढली. हिंमतराव मात्र पुढे झाले. पोळ्याला पहिला बैल पाटलाचा सुटतो, होळीला पहिली पोळी पाटलाची पडते, मग सरकारी मोजणीत पहिलं नाक दुसऱ्या कोणाचं कसं लागणार? त्यांनी बाबूला चावडीवरून उचलून स्वतःच्या ओसरीवर आणलं आणि घरातल्या सगळ्या पुरुषांची नाकं वयाच्या क्रमाने मोजून घेतली. मान राहिला. पाणी द्यायला पुष्पा आली. बाबूने तांब्या घेतला, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाणी प्यायचं विसरला.

"वरच्या पापणीला घडी नाही," तो वहीत लिहिता लिहिता म्हणाला. "नाकाकडच्या कोपऱ्यावर कातडीचा बारीक पडदा आहे. मंगोल डोळा म्हणतात याला. चीन, जपान, ब्रह्मदेश, नेपाळ, निम्म्या आशियात असेच डोळे आहेत. तान्ह्या पोरांत तर कुठेही दिसतात, नाकाचं हाड वर आलं की पडदा जातो. हिचा गेला नाही, एवढंच."

सगळ्या वाक्यातला "एवढंच" तेवढा कोणी ऐकला नाही. "मंगोल" मात्र सगळ्यांनी ऐकला. शाळेतल्या निवृत्ती मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, मंगोल म्हणजे चंगीजखानाचे लोक. चंगीजखान वऱ्हाडात कधी आला होता हे मास्तरांना सांगता आलं नाही. पण आला नव्हता असंही त्यांना छातीठोक सांगता आलं नाही. झालं. आठ दिवसांत कासारणीच्या टोपलीतून बांगड्यांबरोबर ही बातमी चिखलीला पोचली.

टोपलीत ती कोणी ठेवली, हे पुष्पाच्या आईला, मनकर्णाबाईंना, ठाऊक होतं. त्यांच्या थोरल्या जावेने, रुक्मिणीबाईंनी, त्या महिन्यात तीनदा बांगड्या भरल्या होत्या. एवढ्या बांगड्या नवी नवरीसुद्धा फोडत नाही.

रुक्मिणीबाईंचा हिशेब सरळ होता. त्यांचा भाऊ कारभारी पन्नाशीला आलेला, दोन बायकांना पोचवून बसलेला, गुडघे धरलेला आणि तिसरीच्या शोधात. चिखलीची सोयरीक मोडली, तर बोभाटा झालेल्या पोरीला दुसरं स्थळ कोण देणार? मग कारभारी आहेच. घरातली पोरगी घरातच. हिंमतरावांनी तर परवा जेवताना म्हणूनही टाकलं होतं, "चिखलीवाले नाई म्हनतीन तं नाई. आपले कारभारी का वाईट हायेत?"

पुष्पा तेव्हा भाकर वाढत होती. तिने ती हिंमतरावांच्या ताटात अशी टाकली, की पिठल्याचा डाग त्यांच्या बंडीवर उडाला.

मनकर्णाबाईंना तर बोलायची सोय नव्हती. पुष्पा जन्मली त्या दिवसापासून, म्हणजे सोळा वर्षं, या पापणीचं खापर त्यांच्याच डोक्यावर होतं. बाळंतिणीच्या खोलीतच सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, पोर उजेडाकडे धरून सांगितलं होतं, "आमच्याकडे नाई बाई असे डोये. संग्रामपुराकडचं दिसते." मनकर्णाबाईंचं माहेर संग्रामपूरचं. तिथून सातपुडा लागतो, आणि सातपुड्यात काय काय राहतं, हे पांगरखेडच्या बायकांनी कधीच पाहिलेलं नसल्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं.

नवऱ्याकडून आधार मिळावा, तर नवऱ्याची गोष्ट वेगळीच. महादेवरावांची डाव्या डोळ्याची पापणी चारचौघांसारखी, घडीची. उजवीला मात्र घडी नाही. एक डोळा उघडा आणि एक मिटायला निघालेला, असा माणूस. पण त्याचं कारण घराण्यात केव्हाच ठरून गेलं होतं: ते दोन वर्षांचे असताना त्यांना गांधीलमाशी चावली होती. त्रेचाळीस वर्षांपूर्वीची सूज अजून उतरली नाही, याचं आश्चर्य कोणाला वाटलं नव्हतं. पाटलाच्या घरची गांधीलमाशीही तशीच जबर असणार.

आणि या सगळ्याच्या वर मनकर्णाबाईंना एक गोष्ट ठाऊक होती, जी दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हती.

सत्यभामाबाईंच्या डोळ्यांना पाच वर्षांपासून पाणी येत होतं. चिखलीच्या डाक्तरने औषध दिलं होतं, रोज दिवेलागणीला दोन दोन थेंब. ते काम धाकट्या सुनेचं. म्हातारपणी पापण्या सगळ्यांच्याच ओघळतात. ओघळलेल्या पापणीला घडी होती की नव्हती, हे लांबून ब्रह्मदेवालाही कळत नाही. शिवाय म्हातारीचा पदर कायम भुवईपर्यंत. पण थेंब घालायचे तर पदर मागे सारावा लागतो, अंगठ्याने पापणी वर उचलावी लागते. पहिल्याच दिवशी मनकर्णाबाईंच्या अंगठ्याखाली गुळगुळीत, बिनघडीची पापणी आली आणि नाकाकडच्या कोपऱ्यात कातडीचा तोच बारीक पडदा. पुष्पाचाच डोळा, फक्त साठ वर्षं वापरलेला.

त्या दिवशी मनकर्णाबाईंनी चार थेंब जास्त घातले होते. बोलल्या मात्र नव्हत्या. सांगून कोणी मानलं नसतं, आणि सासूचा पदर चारचौघांत ओढणाऱ्या सुनेचं पुढे काय होतं, हेही त्या जाणून होत्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या म्हणत, "वर पाहा, आत्याबाई," आणि सत्यभामाबाई वर पाहत. दोघींना ठाऊक, की दोघींना ठाऊक आहे. पाच वर्षांत त्यावर एक शब्द झाला नव्हता.

पण आता प्रश्न पुष्पाचा होता. उत्तमरावांची चिठ्ठी आली त्याच दिवशी मनकर्णाबाई बालाजीच्या दर्शनाला म्हणून बैलगाडीने देऊळगाव राजाला गेल्या. दर्शन घेतलं, तेही उभ्या उभ्या. मग देवळामागच्या धर्मशाळेत कडूबा भाट उतरला होता, त्याच्यापुढे जाऊन बसल्या.

कडूबा पाच-सात वर्षांनी एकदा या मुलखात येई. शे-दीडशे घराण्यांच्या वंशावळी त्याच्या पोथीत होत्या. कोणाचा खापरपणजा कोण, कोणाची बायको कुठली, हे तो तोंडपाठ म्हणे, आणि ज्याचं त्याच्या पोथीत नाही तो माणूस जन्मलाच नाही, असा रिवाज होता.

"कडूबा," मनकर्णाबाईंनी विचारलं, "तुमच्या पोथीत हिमालय हाये का?"

कडूबाने पानाला चुना लावता लावता विचार केला. "कोन्या पिढीत पाह्यजे?"

"ज्याची आठवन सांगाले कोनी जितं नाई, तशा."

"मंग सातवी बरी. सातव्या पिढीचं पान वाळवीनं खाल्लं हाये. जागा भेटते."

"बाई पाह्यजे. तिकळून लगीन होऊन आलेली. डोये..." मनकर्णाबाईंनी स्वतःच्या पापणीवरून बोट सरळ फिरवलं. "असे. अन् आली पाह्यजे पाटलाच्या घरात. माह्या माहेराचं नाव त्यात कोठी नाई आलं पाह्यजे."

"समजलो." कडूबाने पान तोंडात टाकलं. "काय हाये द्याले?"

"कपिला कालवड. माह्या गोठ्यातली."

"कपिला." त्याने मान डोलवली. "मंग राजकन्या येईन. बकरी असती तं सरदाराच्या लेकीवर भागवाव लागलं असतं."

*

मंगळवारी उत्तमराव आले. बरोबर भावकीतले दोन म्हातारे होते, जे फक्त मान हलवायला आणलेले असतात. ओसरीवर सतरंजी पडली, गूळपाणी झालं, कपाशीचा भाव झाला, चिखलीच्या बाजारात मिरचीला काय मिळालं तेही झालं. मग उत्तमरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"पाटील, आमचं काई म्हननं नाई," ते म्हणाले, आणि सगळ्यांना कळलं की म्हणणं पुष्कळ आहे. "पन बाजारात मानूस इचारते, तुमच्या पोराले, पंजाबरावले, चिनाची बायको करून राह्यले का म्हून. आमाले जवाब द्या लागते ना. खानदानाचा सवाल हाये."

"बराबर हाये तुमचं," हिंमतराव म्हणाले. इतक्या लवकर म्हणाले, की उत्तमरावांनाही जरा चुकल्यासारखं झालं. त्यांची भांडायची तयारी होती.

"पोरीले एकडाव बसवा. पाहून घेतो."

पुष्पाला पाटावर बसवलं. खाली पाहून बसायची रीत. आणि खाली पाहणाऱ्या पोरीच्या तोंडावर पाहण्यासारखं काय उरतं, तर वरची पापणीच. उत्तमराव वाकले. दोन्ही म्हातारे वाकले. कोपऱ्यात, कोणी बोलावलं नसताना येऊन बसलेले कारभारीही गुडघा सावरत वाकले.

"घडी नाई," एक म्हातारा म्हणाला.

"नाईच," दुसरा म्हणाला.

"पोरी, तुले बराबर दिसते ना?" उत्तमरावांनी विचारलं.

"दिसते," पुष्पा खालीच पाहत म्हणाली. "तुमच्या मिशीले गूळ लागेल हाये, ते बी दिसते."

उत्तमरावांनी मिशी पुसली. एका म्हाताऱ्याला खोकला आला. दाराआड उभ्या मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. पण लेकीची जीभ तरी नक्की माहेराकडची आहे, असं त्यांना वाटून गेलं.

दाराच्या दुसऱ्या अंगाला रुक्मिणीबाई होत्या. पदराआडून बोलायचं, पण चावडीपर्यंत ऐकू जाईल एवढ्याने, ही त्यांची हातोटी. "आमच्या घरात तं बाप्पा असे डोये कोनाचेच नाईत. ज्याच्या माहेराकडून आले त्यानं सांगाव."

"माहा उजवा डोया..." महादेवराव म्हणाले.

"तुले गांधीलमाशी चावली होती," हिंमतराव म्हणाले.

"मले तं आठवत नाई."

"दोन वर्साचा होता तू, तुले काय आठवन? मी होतो ना तिथिसा."

"तुमी तवा किती वर्साचे होते, दादा?"

"पाच," हिंमतराव म्हणाले, आणि माशीचा विषय त्यांनी हाताने उडवून लावला. "उत्तमराव, मी काय म्हनतो, मन खट्टू करून सोयरीक करू नये. नाई जमत तं नाई जमत. पोरगी काई रस्त्यावर नाई पडली. आमचे कारभारी बसेलच हायेत..."

कारभारी लाजले. पन्नाशीतला माणूस लाजला की तो आजारी दिसतो. उत्तमरावांनी त्यांना पाणी पाहिजे का विचारलं.

तेवढ्यात वेशीकडून शिंग वाजलं. भाट आल्याची वर्दी. मनकर्णाबाईंनी सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

कडूबा ओसरीवर आला तो असा, की जणू वाट चुकून आला. तांबड्या फडक्यातली पोथी त्याने घोंगडीवर ठेवली. पण पोथी उघडायची तर रीत असते: घरच्या कर्त्या पुरुषाने भाटाला फेटा बांधायचा आणि घरच्या वडील बाईने पोथीला हळदकुंकू लावायचं. हिंमतरावांना फेटा बांधावा लागला. आतून सत्यभामाबाई काठी टेकत आल्या, भुवईपर्यंत पदर, आणि कुंकू लावून तिथेच खांबाला टेकून बसल्या.

कडूबाने सूर धरला. पहिली पिढी झाली, दुसरी झाली. कोणी विहीर बांधली, कोणी वाघ मारला, कोणी दोन बायका केल्या आणि वाघच बरा म्हणाला. सातव्या पिढीला त्याने पान उलटलं, नाकाजवळ धरलं आणि थांबला. भाटाने कुठे थांबावं हे त्याला त्याच्या बापाने शिकवलेलं असतं.

"ऐका. पांगरखेडचे येसाजी पाटील फौजेसंगं उत्तरेला गेले. गंगा ओलांडली, यमुना ओलांडली, हिमालयाच्या पायथ्याशी छावणी पडली. तिथल्या डोंगरी राजाने पराक्रम पाहून आपली कन्या दिली. गोरा रंग, कमळाची कळी असे डोळे. कमळ नव्हे, कळी. न उमललेली. पापणी सपाट, वर रेघ नाही."

उत्तमराव पुढे सरकले. "पापनीचं लिहिलं हाये?"

"राजकन्येचं सारंच लिहितात," कडूबा म्हणाला. "नाव तेवढं वाळवीनं खाल्लं."

"पन हे तं चिनाकडचं..."

"उत्तमराव." कडूबाने पोथीवर हात ठेवला. "पार्वती कोनाची लेक?"

"हिमालयाची."

"चिखलीची नव्हती ना?"

"नाई."

"हिमालयाकडच्या लोकायचे डोये कसे? असे. मंग पार्वतीचे कसे असतीन? अन् जो या पापनीले हसला, तो कोनाले हसला?"

महादेवाच्या बायकोला आपण महिनाभर चिनी म्हणत होतो, हे पचायला वेळ लागतो. उत्तमरावांनी दोन्ही हातांनी कानाच्या पाळ्या धरल्या. दोन्ही म्हाताऱ्यांनीही धरल्या. ते त्याचसाठी आले होते.

मग जे झालं, ते मनकर्णाबाईंनी योजलेलं नव्हतं.

"म्हंजे ही खानदानाची खूण झाली," उत्तमराव म्हणाले. आता त्यांची नजर बदलली होती. भाव चढतो आहे हे ओळखणाऱ्या व्यापाऱ्याची झाली होती. "येसाजी पाटलाचं रक्त जिथिसा, तिथिसा ही पापनी."

"अर्थात," महादेवराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपला उजवा डोळा उजेडाकडे केला.

"मंग ते गांधीलमाशी?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"कायची माशी? मले काई चावलं नाई."

"माह्या मोठ्याची बी पापनी अशीच हाये," दाराआडून रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांचा मोठा बैलासारख्या डोळ्यांचा होता. "सकायी झोपेतून उठला म्हंजे पाहा. दुपारून मंग उघडते."

"माहे बी डोये आता आता बारीक होऊन राह्यले," कारभारी म्हणाले.

"ते मोतीबिंदू होय," उत्तमराव म्हणाले, आणि वळले हिंमतरावांकडे. "पन पाटील, तुमच्या पापनीले तं चांगली बोटभर घडी हाये."

हिंमतराव दचकले. त्यांनी दोन्ही डोळ्यांना हात लावला. घडी होती. लहानपणापासून होती; आजवर तिने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

"म्हंजे," उत्तमराव सावकाश म्हणाले, "थोरली पाती पाटीलकी सांभायते, अन् खूण तं धाकट्या पातीत हाये. मी काई म्हनत नाई."

मान हलवणाऱ्या म्हाताऱ्यांची मान हलायची थांबली. चारचौघांत, भाटाची पोथी उघडी असताना, पाटलाच्या आईबद्दल एक प्रश्न विचारला गेला होता आणि विचारणारा काही म्हणत नव्हता. हिंमतरावांच्या तोंडाचं पाणी पळालं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. रुक्मिणीबाई जमिनीकडे पाहत होत्या. त्यांनी आईकडे पाहिलं.

मनकर्णाबाईंना क्षणभर गुदगुल्या झाल्या. सोळा वर्षं जे आपण ऐकलं, ते हिंमतभाऊजी आता पाव घटका ऐकताहेत. पण तेवढ्यात सत्यभामाबाईंनी काठी आपटली.

"कडूबा," म्हातारी म्हणाली, "चष्मा आन्ला नाई का गा?"

"आन्ला ना, माय."

"मंग लाव. वाळवी कोन्या पानाले लागली ते नीट पाह्य. येसाजी उत्तरेले गेला नव्हता. गेले ते माह्या माहेरचे. लोणारचे. अन् ती राजकन्या आली लोणारात. पाटलाच्या घरात ही पापनी मी आन्ली." तिने पदर मागे सारला. मनकर्णाबाई सोडून या घरातल्या कोणीही पंचावन्न वर्षांत न पाहिलेलं कपाळ उघडं पडलं. तिने बोटाने पापणी वर ताणली. "ये उत्तमराव, पाह्य. जवळ ये. आता सांग, माह्या दोन पोरांत एकानं मायचा डोया घेतला अन् एकानं बापाचा, त्यात तुले काय इचाराचं हाये?"

उत्तमराव वाकले, पाहिलं आणि सरळ झाले. "काईच नाई, माय."

कडूबाने पोथीवरून दाराकडे, मनकर्णाबाईंकडे, एक नजर टाकली. मग म्हातारीकडे. कालवड मनकर्णाबाईंची होती, हे खरं. पण कालवडीची माय सत्यभामाबाईंची होती, आणि पुढे अजून पुष्कळ कालवडी व्हायच्या होत्या. त्याने चष्मा लावला.

"दोन पानं चिकटली होती," तो म्हणाला. "लोणारच हाये."

आणि एका पानाच्या उलटण्याने हिमालयाची राजकन्या, येसाजी पाटलांना सोडून, माळरानातून वीस कोस चालत लोणारला गेली.

पुढचं सगळं झरझर झालं. हिंमतराव पुन्हा बापाचे झाले आणि त्या आनंदात चिखलीच्या सोयरिकीचे सगळ्यात मोठे कैवारी झाले. "कारभारी? कोन कारभारी?" असं ते म्हणाले नाहीत, पण कारभाऱ्यांना परतीची गाडी मिळेल का, याची चौकशी त्यांनी स्वतः केली. रोडगे भाजले गेले, वांग्याची भाजी झाली. रुक्मिणीबाईंनी सासूच्या पाठीमागे बसून सांगायला सुरुवात केली, की आत्याबाईंचे डोळे देवीचे आहेत हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. वैशाखातली तिथी ठरली. निघताना उत्तमराव खांबापाशी घुटमळले.

"माय, एक इचारतो. आमच्या पंजाबरावची पापनी साधीच हाये. घडीची. चालन ना?"

"चालवून घेऊ," सत्यभामाबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाई ताटं उचलत होत्या. लेक वाचली होती. त्याहून जास्त काही मागायचं नव्हतं त्यांना. तरी हातातलं ताट जड लागत होतं. सोळा वर्षं पापणी नासकी होती, तेव्हा ती संग्रामपूरची. आज दुपारी ती राजघराण्याची झाली आणि घटकाभरात लोणारला गेली. दोष होता तोवर सुनेचा, मान झाला की सासूचा. मधल्या वाटेने कपिला कालवड गेली ती वेगळीच.

*

दिवेलागणीला त्या औषधाची बाटली घेऊन सासूच्या खोलीत गेल्या. कंदील जवळ ठेवला.

"वर पाहा, आत्याबाई."

सत्यभामाबाईंनी वर पाहिलं. एक थेंब पडला.

"कालवड कोनती देल्ली?" म्हातारीने विचारलं.

मनकर्णाबाईंचा हात थांबला. "कपिला."

"मंग महाग पडली तुले. बकरीवर झालं असतं. सरदाराची लेक बी पुरली असती."

"त्यानं तसंच सांगतलं होतं."

दुसरा थेंब पडला. म्हातारीने डोळा मिटला. औषध झोंबत होतं की काय, कडेने पाणी ओघळलं.

"मी नऊ वर्साची होती," ती डोळे मिटूनच म्हणाली. "लगनात मुंडावळ्या काहाडल्या, तं सासू म्हने, हे झोपाळू पोरगी कोठून उचलून आन्ली? त्या दिवसापासून पदर खाली घेतला. झोपाळू म्हून रोज पहाटं जात्यावर दयाले मलेच उठवत. मोठा पोरगा झाला, त्याले घडी होती, सुटले म्हटलं. धाकट्याचा एकच डोया तसा निंघाला, तवा माशी म्याच सोडली. अन् मंग तुही पोरगी झाली. दोन्ही डोये." तिने डोळ्याच्या कडेचं पाणी पदराने टिपलं. "मले वाटलं, आता तरी हे दुसऱ्याच्या डोक्यावर जाईन. गेलं."

मनकर्णाबाईंच्या मनात राग होता, तो कुठे गेला नव्हता. पण नऊ वर्षांची पोर पहाटे जात्यावर बसलेली, ती त्याच्या आड येऊन बसली होती.

"दुसरा डोया," त्या म्हणाल्या.

म्हातारीने मान वळवली. अंगठ्याखाली पुन्हा तीच पापणी, गुळगुळीत. पुष्पा तान्ही असताना झोपली की अशीच दिसायची.

"कडूबा गेला का व?"

"नाई. गोठ्यात कालवडीपाशी निजला हाये. सकायी निंघन."

"त्या राजकन्येचं नाव वाळवीनं खाल्लं म्हने."

"हो."

"बिनानावाची बाई बरी नाई दिसत पोथीत. सकायी त्याले म्हनाव, नाव भेटलं." सत्यभामाबाईंनी दोन्ही डोळे उघडले आणि सुनेकडे सरळ पाहिलं, पदराशिवाय. "मनकर्णा लिही म्हनाव."

मनकर्णाबाईंनी बाटलीचं बूच लावलं. कंदिलाची वात खाली केली. उंबऱ्याशी पोचल्या, तरी त्यांना मागे वळून पाहायचं धाडस होईना.

"त्याले आखीन एक कालवड लागन," त्या म्हणाल्या.

"माही दे," म्हातारी अंधारातून म्हणाली.